घटातले गहू उगवतात, मग टोमॅटो का नाही?

डोंबिवलीहून एका वाचकाचं पत्र आलं आहे. थोडं कमी करून देते.

‘गेल्या डिसेंबरात बँकेतून निवृत्त झालो. तिसऱ्या मजल्यावर आमची पश्चिमेची बाल्कनी आहे, आठ फूट लांब, चार फूट रुंद. ऊन येतं ते दुपारी दोनच्या पुढे, आणि समोर इमारत आहे, त्यामुळे साडेपाचपर्यंतच. एप्रिलमध्ये साडेतीन हजार रुपयांचा घरच्या भाजीचा एक संच मागवला. त्यात सहा ग्रो बॅग, कोकोपीटच्या विटा, गांडूळखताचं एक पाकीट आणि बियाणं होतं. टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरची, कोथिंबीर असं सगळं लावलं. सकाळ-संध्याकाळ न चुकता पाणी घालतो. टोमॅटोला फुलं आली आणि गळून गेली. ढोबळी पिवळी पडून मेली. मिरचीची पानं आकसली. कोथिंबीर उगवलीच नाही. शेजारच्या जास्वंदीवर पांढरा कापूस चिकटल्यासारखं काहीतरी आहे, ते आता मिरचीवरही आलंय. केळीच्या सालीचं पाणी, चहाचा चोथा, ताक, सगळं करून झालं. खालच्या मजल्यावरून दोनदा तक्रार आली. बायको म्हणते, “जुडी दहा रुपयाला मिळते, कशाला हा व्याप?” माझी आई कुठेही काडी खोचायची आणि ती फुटायची. माझ्या हाताला गुण नाही का?
— हातगुण नसलेला, डोंबिवली’

नमस्कार.

पुढच्या आठवड्यात घट बसतील. तुमच्याकडे बसत नसले तरी पाहिले असतीलच. पत्रावळीवर किंवा परडीत दोन-तीन बोटं माती, तिच्यात गहू नाहीतर पाच-सात प्रकारचं धान्य आणि मधोमध मातीचं मडकं. दसऱ्यापर्यंत वीतभर धान उभं राहतं. ज्या घरात कुणी आयुष्यात तुळशीलासुद्धा पाणी घातलेलं नसतं, तिथंही उभं राहतं. तिथं हातगुणाचा प्रश्न कुणी काढत नाही. त्या परडीत होतं काय ते बघा. माती थोडी आणि भुसभुशीत असते, बी सहज उगवणारं असतं, आणि पाणी देण्याचं बरंचसं काम ते मातीचं मडकं करतं. ते पाझरतं. आजूबाजूच्या मातीला लागेल तसं पाणी सुटत राहतं, चिखल होत नाही. वरून कुणी तांब्याभर ओतलंच तर घरातली म्हातारी ओरडते, ‘अरे, धान कुजेल.’

तुमच्या बाल्कनीत ओरडायला कुणी नव्हतं.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही कौतुकानं लिहिलंय: ‘सकाळ-संध्याकाळ न चुकता.’ त्याला कोकोपीट जोडा म्हणजे उलगडा होतो. कोकोपीट म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा. तो स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी धरून ठेवतो. पण वरचा अर्धा इंच उन्हात लवकर वाळतो आणि फिकट तपकिरी दिसायला लागतो. माणसाला वाटतं, रोप तहानलंय. प्रत्यक्षात खाली चार इंचांवर ओल्या स्पंजासारखी अवस्था असते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती मिळाली नाही की मुळं काळी पडून सडतात, आणि सडलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत. मग पानं माना टाकतात. फसगत इथंच होते, कारण जास्त पाण्यानं मरणारं रोप आणि पाण्यावाचून मरणारं रोप दिसायला बरंचसं सारखं असतं. आपण आणखी एक तांब्या ओततो. तुमची ढोबळी अशी गेली, याबद्दल मी पैज लावायला तयार आहे. ती पिशवी अजून असेल तर उलटी करून मुळं बघा आणि वास घ्या. आंबूस, गटारासारखा वास आला तर निदान पक्कं.

शिवाय कोकोपीटमध्ये रोपाला खायला जवळपास काहीच नसतं. एका पाकीट गांडूळखतावर सहा पिशव्या म्हणजे लग्नाच्या पंगतीला एक वाटी वरण.

तेव्हा पहिलं काम म्हणजे वेळापत्रक बंद. निवृत्तीनंतर दिवसाला खुंट्या लागतात हे मला कळतं, पण ही खुंटी दुसरीकडे ठोका. रोज सकाळी कुंडीत दुसऱ्या पेरापर्यंत बोट घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. कोरडं लागलं तर खालून थेंब गळेपर्यंत, पण एकदाच. पंधरा दिवसांत कुंडी किंचित तिरकी करून नुसत्या वजनावरून कळायला लागेल. पावसाळ्यात तर कधी कधी आठवडाभर पाणी घालावंच लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात मात्र पश्चिमेच्या भिंतीला लागून असलेल्या कुंडीला रोज लागेल. म्हणजे विचारायचं कुंडीला, घड्याळाला नाही.

आता उन्हाचं. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर गणित शिकवायचे आणि प्रयोग परिवाराच्या माध्यमातून शेतकऱ्यांना, गच्चीवर भाजी लावणाऱ्यांना शिकवायचे. पानावर पडणाऱ्या उन्हाचा हिशेब त्यांच्या विचारात फार वर होता. तुम्ही बँकेतले, तुम्हाला हे पटेल: ऊन ही जमेची बाजू, फळ हा खर्च. जमा नसताना खर्च मांडला की काय होतं ते तुम्ही काउंटरपलीकडून आयुष्यभर पाहिलंय.

टोमॅटो, वांगं, ढोबळी, भेंडी यांना दिवसाला निदान सहा तास थेट ऊन हवं. तुमच्याकडे दोन ते साडेपाच, म्हणजे फार तर साडेतीन तास. तेवढ्यात झाड पानं काढतं, उंच होतं, हौसेनं फुलंही धरतं, पण फळ पोसायला त्याच्याकडे शिल्लक राहत नाही. त्यात तुम्ही ती लावली एप्रिलमध्ये. पारा पस्तिशीच्या वर गेला आणि रात्रीही उकाडा राहिला की टोमॅटोचे पराग नीट काम करत नाहीत आणि फूल देठापासून गळतं. मे महिन्यात दुपारचं ऊन अंगावर घेणाऱ्या बाल्कनीत टोमॅटो धरला असता तर मीच तुम्हाला पत्र लिहिलं असतं.

येत्या रविवारी एक खडू घ्या. सकाळी आठपासून दर तासाला, जिथं ऊन पडलं असेल तिथं फरशीवर रेघ मारा आणि वेळ लिहा. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, तेव्हा पुन्हा एकदा करा, रेघा हललेल्या दिसतील. ज्या कोपऱ्यात सर्वांत जास्त तास भरतील तो मिरचीचा. बाकीची बाल्कनी पाल्याची.

त्या आधीच्या मिरचीला मात्र निरोप द्या. पानं वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर फुलकिडे, खालच्या बाजूला वळली असतील तर कोळी. आणि पानं बारीक, पिवळट, गुच्छासारखी झाली असतील तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. शेतकरी याला चुरडा-मुरडा म्हणतात. विषाणूवर औषध नाही. पाच महिन्यांच्या, मुळं सडलेल्या, वर पिठ्या ढेकूणही लागलेल्या रोपाची सेवा करत बसण्यापेक्षा ते उपटून पिशवीत बांधून टाकलेलं बरं. नवं रोप रोपवाटिकेत पंधरा-वीस रुपयांना मिळतं.

तो पांढरा कापूस म्हणजेच पिठ्या ढेकूण. तो जास्वंदीचा जुना सोयरा. जास्वंद तिथं राहील तोवर तो येत राहणार, म्हणून जास्वंद बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला न्या. जुना दात घासायचा ब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून बेचक्यांतून आणि पानांच्या पाठीमागून घासून काढा. मग लिटरभर कोमट पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार-पाच थेंब भांडी घासायचा द्रव साबण घालून, खूप हलवून, संध्याकाळी फवारा. उन्हात फवारलंत तर पानं भाजतात. दर पाच-सहा दिवसांनी, तीन वेळा. आणि मुंग्यांवर नजर ठेवा. ढेकणांच्या अंगातून जो गोड चिकटा येतो त्यासाठी मुंग्या त्यांना अक्षरशः पाळतात, एका झाडावरून दुसऱ्यावर नेऊन ठेवतात. मुंग्यांची रांग दिसली की समजा, वर गोठा भरलाय.

कोथिंबिरीचं दुःख तुम्हाला एकट्यालाच नाही. आपण ज्याला धणा म्हणतो तो एक दाणा नसून आत दोन बिया असलेलं फळ असतं. तो अख्खा पेरला तर रुसून बसतो. फडक्यात धणे घेऊन वरून लाटणं फिरवा, दोन दळं झाली पाहिजेत, पीठ नव्हे. मग रात्रभर भिजवून पेरा. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, कधी बारा. तुम्ही बहुधा पाचव्या दिवशी उकरून बघितलंत. (मीही बघते. वाईट सवय आहे.) आणि तापलेल्या मातीत तर ती येतच नाही, आलीच तर लगेच तुऱ्यावर जाते. आपल्याकडे ऑक्टोबर तापतो, म्हणून कोथिंबीर दिवाळीनंतर. फेब्रुवारीपर्यंत तिचं राज्य.

आता वहिनींचं म्हणणं. त्यांचं बरोबर आहे. मेथीची, पालकाची, कोथिंबिरीची जुडी बाजारातूनच आणायची. बाल्कनीत भाजी लावून महिन्याचे पैसे वाचतात असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, निदान बत्तीस चौरस फुटांत तरी नाही. पण वहिनींना एक उलटा प्रश्न विचारा. कढीपत्त्याच्या दोन काड्या लागतात तेव्हा काय करतो आपण? भाजीवाल्याकडून फुकट घेतो, नाहीतर पाच रुपयांची आणून अर्धी काळी पडू देतो. चहात गवती चहाचं एक पान, कोशिंबिरीवर चार पुदिन्याची पानं, पाहुणे आल्यावर ओव्याच्या पानांची भजी. या गोष्टी चिमूटभर लागतात, ताज्या लागतात, आणि ऐन वेळी लागतात. कुंडी त्यासाठी. शिवाय ज्या भाज्या भाजीवाल्याकडे क्वचितच येतात त्याही.

त्यात माझी लाडकी मायाळू. अर्ध्या उन्हात सुखानं वाढणारी, कोकणच्या दमट हवेला सोकावलेली, वीतभर काडी खोचली तरी फुटणारी. तुमच्या आईंनी खोचलेली काडी हीच असावी अशी मला शंका आहे! दहा-बारा लिटरच्या कुंडीत एक वेल लावा, बाल्कनीच्या जाळीवर चढवा. जाड, रसाळ पानं. भजी उत्तम होतात, डाळीत घालून पातळ भाजीही होते. थोडी बुळबुळीत असते, ज्यांना भेंडी चालते त्यांना चालेल. एकदा रुळली की किडीची फारशी पर्वा करत नाही. शेंडे खुडत राहिलात तर दुप्पट फुटते.

पुदिना बाजारच्या जुडीतूनच लावायचा. चार जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्यात मुळं येतात. त्याला वेगळी, पसरट कुंडी द्या, कारण तो जमिनीखालून धावतो आणि शेजाऱ्याला जागा ठेवत नाही. गवती चहाचा एक फुटवा मुळासकट कुणाकडूनही मागून आणा, त्याला मोठी कुंडी हवी, वर्षा-दोन वर्षांनी विभागून पुन्हा लावायची. पानओवा तर लोक विसरतात आणि तो वाढतो. अळू चालेल, पण भाजीचाच घ्या, आणि चिंच-आमसूल विसरू नका, नाहीतर घसा खाजल्याचं खापर माझ्यावर. कढीपत्त्याला मात्र धीर धरा. पहिलं वर्ष तो नुसता उभा असतो. हिवाळ्यात पानं गाळली तर मेला असं समजून पाणी वाढवू नका, तो झोपलेला असतो. मी माझा पहिला कढीपत्ता असाच जानेवारीत बुडवून मारला होता.

जुडी बाजाराचीच म्हटलं, तरी मेथीबद्दल सांगते, कारण सुरुवात तिच्यापासून करायची आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर वाळूत वाढवलेली समुद्र मेथी तुम्ही खाल्ली असेल, बोटभर उंचीची, मुळांसकट जुड्या बांधलेली. तिला ना खोल माती लागते ना मोठा काळ. हेच बाल्कनीत करायचं. मासळीवाल्याकडे थर्माकोलच्या पेट्या मिळतात. एक आणून दोनदा साबणानं धुवा, दोन दिवस उन्हात ठेवा (मांजरांपासून जपा), तळाला आठ-दहा भोकं पाडा. चार इंच माती, वर रात्रभर भिजवलेले मेथीदाणे दाट पसरून, वरून मातीचा पातळ थर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोड वर येतात, दोन-अडीच आठवड्यांत खुडता येते. साडेतीन तासांच्या उन्हात छान होते. इतक्या लवकर काहीतरी हाती लागणं तुम्हाला सध्या गरजेचं आहे.

माती म्हणाल तर तुमचं कोकोपीट फेकू नका. ते एक भाग, चाळलेली लाल माती एक भाग, चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक भाग. दहा-बारा लिटरच्या कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. मिसळून, ओलसर करून आठवडाभर झाकून ठेवा. शेणखत हातात घेतल्यावर पावसाच्या मातीचा वास आला पाहिजे, शेणाचा आला तर ते अजून कुजलेलं नाही आणि मुळं भाजेल. सोसायटीचा झाडूवाला जो पालापाचोळा पोत्यात भरून नेतो, त्यातलं एक पोतं मागून घ्या. मातीवर दोन बोटं पाचोळा अंथरला की ओल टिकते आणि खाली हळूहळू खत होतं. २००२च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा आणि पाचोळा यांच्या जोरावर भाज्या-फळझाडं उभी केली. गोदीच्या आवारात होतं, तर डोंबिवलीत व्हायला हरकत नाही.

एक जुना सल्ला मात्र मोडा. कुंडीच्या तळाला विटांचे तुकडे किंवा खडी भरतात, निचरा व्हावा म्हणून. त्यानं उलट होतं. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहज उतरत नाही, ते मातीच्या तळाशीच अडून राहतं, आणि तुकड्यांनी जागा खाल्ल्यामुळे तो ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर खापरीचा एक तुकडा उपडा ठेवा, माती वाहून जाऊ नये एवढ्यापुरता. बाकी सगळी कुंडी मातीचीच.

आणि केळीच्या सालीचं पाणी वगैरे थांबवा. साल कुजल्याशिवाय त्यातलं फारसं काही सुटत नाही, चिलटं मात्र भरपूर येतात. चहाचा चोथा दूध-साखरेसकट टाकला की मुंग्या आणि बुरशी, धुऊन वाळवून खताच्या बादलीत टाकला तर ठीक. ताक प्या. झाडाला दर तीन आठवड्यांनी दोन मुठी गांडूळखत पुरे.

राहिली खालच्या मजल्याची तक्रार. ती मी हसण्यावारी नेणार नाही, कारण माझ्या पहिल्या उन्हाळ्यात खालच्या बाईंनी ग्रिलवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि माझ्या वांग्याच्या कुंडीतलं तपकिरी पाणी नेमकं त्यांवर उतरलं. वर्षभर जिन्यात त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत. कठड्यावर किंवा ग्रिलबाहेर एकही कुंडी नको. पाण्यासाठीही नको आणि पडण्याच्या भीतीनंही नको. वीस लिटरची ओली कुंडी वीस-पंचवीस किलो भरते. जड कुंड्या आतल्या भिंतीलगत, प्रत्येकीखाली तबकडी. आणि तबकडीतलं पाणी अर्ध्या तासानं ओतून टाकायचं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडायला लागतो. महापालिकेची माणसं तपासणीला येतात तेव्हा पहिली नजर तबकड्यांवरच जाते. तुम्ही बोट घालून पाणी द्यायला लागलात की तक्रार निम्मी आपोआप मिटेल. उरलेल्या निम्मीसाठी मायाळूची भजी खाली पाठवा.

तर सध्या एवढंच करा. मेलेलं उपटा, जास्वंद हलवा, चार पिशव्या रिकाम्या करून धुऊन उलट्या ठेवा. त्या दिवाळीनंतर लागतील. दोन पिशव्यांत मायाळू आणि पुदिना. आणि घट बसवत असाल तर दसऱ्याला धान टोपीत, कानामागे खोवून झाल्यावर ती परडीतली माती टाकून देऊ नका. ती मेथीच्या पेटीत मिसळा. मधलं मडकं मात्र रीतीप्रमाणेच विसर्जन करा. तसलंच एक छोटं, भाजलेलं पण रंग न दिलेलं मडकं कुंभाराकडून आणून मायाळूच्या पिशवीत गळ्यापर्यंत पुरा, पाण्यानं भरा आणि वर पणती झाका. गावाला चार दिवस गेलात तरी ते पाझरत राहील.

मेथीदाणे आदल्या रात्री तुम्हीच भिजत घाला. डबा कुठे आहे ते वहिनींना विचारून.